चार वर्षांत तुमची तपासणी एकदाही का झाली नाही?

पत्र: डॉक्टरसाहेब, नमस्कार. माझं वय ३४, पत्नीचं ३०. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत फर्नेसवर आहे. पत्नीची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, नळ्यांची तपासणी सगळं झालं, सगळं नॉर्मल. आता दुर्बिणीतून बघू म्हणतात. आई तिला जोतिबाला आणि वाडीला नेऊन आली. तिच्या डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा वीर्य तपासायची चिठ्ठी दिली, मी गेलो नाही. आमचे संबंध व्यवस्थित आहेत, मग माझ्यात दोष कसा असेल? दर शुक्रवारी एका लॉजवर वैद्य येतात, त्यांना नाडी दाखवली. धात पातळ झालीय म्हणाले, साडेनऊ हजारांच्या पुड्या दिल्या. जिममधला मित्र म्हणतो टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे, ताकद येईल. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी डावी गोटी जड होते, ओढल्यासारखं वाटतं, झोपलं की बरं होतं. मावा खातो. कुणाकडे जाऊ? आणि आईला कळलं तर काय?
— एक वाचक, तालुका हातकणंगले

उत्तर:

तुमच्या पत्रातलं एकच वाक्य आधी घेतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू झालाय. संबंध व्यवस्थित आहेत, मग दोष कसा असेल, असं तुम्ही विचारता. असू शकतो, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागणार नाही. लिंगाला ताठरता येणं आणि वीर्य बाहेर पडणं हे एक काम आहे. त्या वीर्यात शुक्राणू असणं हे वेगळं. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येतो. वृषणातून येणाऱ्या शुक्राणूंचा वाटा जेमतेम काही टक्के. म्हणून एकही शुक्राणू नसलेलं वीर्यही बहुधा रंगाला, दाटपणाला, प्रमाणाला अगदी नेहमीसारखं दिसतं. नसबंदी केलेल्या माणसाला विचारा, त्याला काडीचाही फरक जाणवत नाही. वीर्य डोळ्यांनी बघून किंवा नाडी धरून कुणाला काही सांगता येत नाही, मला तर नाहीच. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण सापडतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणासोबत. असं असूनही आपल्याकडे तपासण्यांची रांग बाईपासून सुरू होते आणि बऱ्याचदा बाईपाशीच संपते. कुटुंबनियोजनातही हेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. नवऱ्याने नसबंदी केलेली जोडपी होती ०.३ टक्के. खरं तर पुरुषाची शस्त्रक्रिया लहान, बिनटाक्याची आणि त्याच दिवशी घरी सोडणारी.

तुमच्या पत्नीची नळ्यांची तपासणी झाली म्हणता. त्यात गर्भाशयाच्या तोंडातून औषध आत सोडून एक्स-रे काढतात. अनेकींना त्यात पाळीपेक्षा जास्त कळा येतात. आता त्यांना भूल देऊन, पोटाला छिद्रं पाडून दुर्बीण घालायची चर्चा आहे. तुमची तपासणी काही शे रुपयांत होते, सुई टोचत नाही, आणि पत्नीच्या तपासण्या सुरू झाल्या त्या पहिल्याच महिन्यात ती व्हायला हवी होती. वर्षभर नियमित संबंध ठेवून गर्भ राहिला नाही तर तपासायचं, आणि दोघांचं एकाच वेळी. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. तुमची चार वर्षं झालीत. दुर्बीण टाळा असं मी इथून सांगणार नाही, पण त्यांच्या डॉक्टरीणबाईंना एवढं जरूर सांगा: "आधी माझा रिपोर्ट येऊ दे, मग ठरवू." त्यांना बरंच वाटेल, चिठ्ठी त्यांनी दोनदा दिली आहे.

पुरुष का जात नाहीत हे मला माहीत आहे. भीती रिपोर्टची असतेच, पण त्याहून जास्त लॅबची असते. म्हणून तिथे काय होतं ते नीट सांगतो.

आधी फोन करून विचारा, नमुना द्यायला वेगळी खोली आहे का आणि वेळ कुठली. आदल्या संबंधापासून किंवा हस्तमैथुनापासून किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस गेलेले असावेत. जितके जास्त दिवस साठवू तितकं चांगलं, असा लोकांचा समज आहे, तो खोटा. फार दिवस गेले की शुक्राणू म्हातारे होतात, हालचाल मंदावते. काउंटरवर रुंद तोंडाची, निर्जंतुक प्लास्टिकची डबी मिळते. तिच्यावर तुमचं नाव आणि वय लिहिलेलं आहे ना, ते बघा. खोली बहुधा लहानच असते: एक खुर्ची, बेसिन, ट्यूबलाइट, आणि दाराची कडी लागते की नाही हे दोनदा तपासणारा पेशंट. हस्तमैथुनानेच नमुना द्यायचा. तेल, साबण, थुंकी, क्रीम काही वापरायचं नाही, त्याने शुक्राणू मरतात. साध्या कंडोममध्ये घेतलेला नमुना त्याच कारणाने बाद. पहिला थेंब डबीबाहेर गेला तर लपवू नका, टेक्निशियनला सांगा. शुक्राणू सर्वांत दाट त्या पहिल्या भागातच असतात. डबीवर वेळ लिहून द्या. लॅबमध्ये जमणारच नाही असं वाटलं तर घरून नेता येतं, मात्र तासाभराच्या आत पोचवायचं आणि डबी शर्टाच्या आत, अंगाच्या उबेला धरायची. मोटारसायकलच्या डिकीत नको. हातकणंगल्याहून कोल्हापूरला जाताना एखाद्या सिग्नलला, फाटकाला अडकलात तर वेळ निघून जाते, तेव्हा लॅबमध्येच दिलेलं बरं. टेक्निशियन दिवसभर हेच बघत असतो. त्याला तुमच्या चेहऱ्यात रस नाही.

आता रिपोर्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेनुसार खालच्या मर्यादा अशा: वीर्य १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, त्यातले ४२ टक्के हलणारे आणि ३० टक्के सरळ पुढे पोहणारे. आकार बरोबर असलेले फक्त ४ टक्के पुरतात. या शेवटच्या आकड्यावर लोक फार घाबरतात. "डॉक्टर, ९६ टक्के खराब आहेत!" असं म्हणत आलेला माणूस बऱ्याचदा अगदी नॉर्मल असतो. हे आकडे आले कुठून तेही सांगतो. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचं वीर्य तपासलं आणि त्यांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांवर रेघ मारली. म्हणजे रेघेच्या खाली असलेलेही बाप झालेले आहेत, आणि वर असलेल्या प्रत्येकाला मूल होईलच असंही नाही.

एका रिपोर्टवर काहीच ठरवू नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, बाहेर पोचेपर्यंत तीन धरा. तीन महिन्यांपूर्वी तुम्हाला डेंग्यू किंवा टायफॉइडचा जोराचा ताप आला असेल, तर त्याचा परिणाम आजच्या डबीत दिसतो. खालचा आकडा आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. आणि "शून्य" आलं तरी रडायला बसू नका. शंभर पुरुषांत एकाला शून्य येतं, म्हणजे हे काही फार दुर्मीळ नाही. तिथून पुढे शोध सुरू होतो: शुक्राणू तयारच होत नाहीत, की तयार होतात पण वाट बंद आहे? वाट बंद असण्याची कारणं अनेक. जुना जंतुसंसर्ग, आपल्याकडे क्षयरोग, लहानपणच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत नळीला बसलेला धक्का. काहींना तर जन्मतःच शुक्रवाहिनी नसते, आणि हे डॉक्टरला नुसत्या बोटांनी चाचपून कळतं. अशा वेळी वृषणातून सुईने शुक्राणू काढून स्त्रीबीजात एकेक टोचता येतात. ब्रसेल्समध्ये १९९२ साली बीजात शुक्राणू टोचण्याच्या पद्धतीने पहिली मुलं झाल्याचं जाहीर झालं, आज ती सगळीकडे होते. शुक्राणू तयारच होत नसतील तर एफएसएचसारखे हार्मोन आणि गुणसूत्रं तपासतात. वयात आल्यानंतर गालगुंड होऊन वृषण सुजलेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

तुमच्या डाव्या बाजूबद्दल. तुम्ही ज्या शब्दांत लिहिलंय, म्हणजे उभं राहिल्यावर जड, संध्याकाळी ओढ, झोपल्यावर आराम, ते वाचून माझ्या मनात पहिलं नाव येतं व्हेरिकोसीलचं. वृषणाकडून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगतात. डावीकडेच बहुधा, कारण डाव्या वृषणाची शीर लांबचा पल्ला गाठून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त मागे तुंबतं. साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांना हे असतं आणि त्यातल्या बहुतेकांना मुलंही होतात. पण मूल न होणाऱ्या पुरुषांत ते शंभरात पस्तीस-चाळीस जणांना सापडतं, म्हणून तपासायलाच हवं. डॉक्टर तुम्हाला उभं करतील, थोडा वेळ थांबतील, मग श्वास रोखून पोटाला जोर द्यायला सांगतील आणि त्याच वेळी वरचा भाग बोटांत धरतील. मोठं असेल तर हाताला गांडुळांचा गुंता लागल्यासारखं लागतं. झोपवून तपासलं आणि "काही नाही" म्हणाले, तर उभं राहून तपासा असं तुम्ही सांगा. संकोचू नका.

शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागत नाही. हाताला लागणारं व्हेरिकोसील, खराब रिपोर्ट आणि पत्नीची तपासणी ठीक, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तर करावी. सूक्ष्मदर्शकाखाली केली तर उत्तम. फायदा दिसायला तीन ते सहा महिने. हाताला काहीच लागत नाही, फक्त डॉप्लर सोनोग्राफीत "ग्रेड वन" लिहून आलं, तर त्यासाठी कापाकापी करून घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. आणि एक अपवाद ध्यानात ठेवा: शिरा फक्त उजवीकडे फुगल्या असतील, किंवा झोपल्यावरही उतरत नसतील, तर पोटाची सोनोग्राफी करून मूत्रपिंड बघायलाच हवं.

फर्नेसचं काय? वृषणं शरीराबाहेर लोंबतात ती उगाच नाही. त्यांना पोटापेक्षा दोन ते चार अंश थंडावा लागतो. भट्टी, बेकरी, लांब पल्ल्याचं ड्रायव्हिंग यांत तो मिळत नाही. पण भट्टीवर काम करणाऱ्या कितीतरी जणांना पोरं आहेत, तेव्हा रिपोर्टआधी नोकरीला दोष देऊ नका आणि राजीनामा तर मुळीच नको. रिपोर्ट खाली आला तर तीन-चार महिन्यांसाठी मोल्डिंगला किंवा फिनिशिंगला बदली मिळते का बघा. डॉक्टर चिठ्ठी देतील. सुटी अंतर्वस्त्रं वापरा, कढत पाण्यात बसू नका.

कामाच्या जागेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १९७७ साली कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप नावाच्या गावी एका कीटकनाशकाच्या कारखान्यात कामगारांच्याच लक्षात आलं की आपल्यातल्या फार थोड्यांना मुलं होताहेत. तपासणी झाली तेव्हा डीबीसीपी नावाचं रसायन हाताळणाऱ्या अनेकांचे शुक्राणू कमी किंवा शून्य निघाले. ते सगळे धडधाकट होते आणि त्यांचे संबंधही व्यवस्थित होते. त्या रसायनावर पुढे अमेरिकेत बंदी आली. तुमच्या भागातून द्राक्षबागेवर फवारणीला जाणारे, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारे वाचक असतील, तर हातमोजे आणि मास्क त्यांच्यासाठी या कारणानेही आहेत.

मावा बंद करा. इथे मी गोड बोलणार नाही. तंबाखू ओढली काय, चघळली काय, शुक्राणूंची संख्याही उतरते आणि हालचालही; शिवाय रक्तवाहिन्या आकसतात. सुपारीने तोंड उघडेनासं होतं ते वेगळंच. आज सोडलात तर फरक तीन महिन्यांनंतरच्या नमुन्यात दिसेल, म्हणून पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून परत टपरीवर जाऊ नका. पोट सुटलं असेल तर कमी करा, साखर तपासून घ्या.

टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनबद्दल मात्र हात जोडून सांगतो: घेऊ नका. मित्राचा हिशोब वरवर बरोबर वाटतो. पुरुषी हार्मोन घेतलं की पुरुषत्व वाढणार! शरीराचा हिशोब उलटा आहे. शुक्राणू बनवण्यासाठी वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ते तिथेच तयार व्हावं लागतं. बाहेरून सुई टोचली की मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी समजते की माल भरपूर आहे, आणि वृषणाला जाणारा हुकूम थांबवते. वृषणं आकसतात, शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. हा परिणाम इतका पक्का आहे की पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून याच इंजेक्शनाचे प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेने केले होते. बंद केल्यावर बहुतेकांचं गाडं रुळावर येतं, पण त्याला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. जिममध्ये असल्या सुयांची "सायकल" घेतलेली पंचविशीची मुलं लग्नानंतर अशीच येतात, आणि सुयांबद्दल विचारेपर्यंत सांगत नाहीत. तुम्ही एखादी घेतली असेल तर आधीच सांगा.

लॉजवरच्या वैद्यांचं. धात नावाचं काही शरीरातून गळून ताकद जात नसते. झोपेत वीर्य जाणं निरोगीपणाचं लक्षण आहे, हस्तमैथुनाने काही पातळ होत नाही, आणि लघवीतून कधी पांढरट गेलं तर ते बऱ्याचदा फॉस्फेटचे क्षार असतात. या भीतीने खंगणाऱ्या तरुणांसाठी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली "धात सिंड्रोम" हे नाव वापरलं. औषध लागतं ते भीतीवर. महाराष्ट्रात तर र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ आपल्या मासिकातून हेच ओरडून सांगत होते, आणि शंभर वर्षं होत आली तरी रेल्वेलगतच्या भिंती असल्या वैद्यांच्या जाहिरातींनी जशाच्या तशा रंगलेल्या आहेत. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे, हेही कळू द्या. साडेनऊ हजार गेले ते गेले. उरलेल्या पुड्या खाऊ नका, पण फेकूही नका. डॉक्टरांना नेऊन दाखवा. असल्या पुड्यांत स्टेरॉइड, शिसं, पारा, चोरून मिसळलेलं सिल्डेनाफिल (ताठरतेचं औषध) सापडल्याची उदाहरणं आहेत. आयुर्वेदावर विश्वास असेल तर रीतसर पदवी घेतलेल्या, एका जागी बसणाऱ्या, नाव लिहून प्रिस्क्रिप्शन देणाऱ्या वैद्यांकडे जा, आणि जातानाही वीर्याचा रिपोर्ट हातात असू द्या.

हे सदर तुमच्याशिवाय आणखीही लोक वाचतात, आणि असं पत्र लिहायचं धाडस प्रत्येकाला होत नाही. म्हणून तुम्ही न विचारलेलं थोडं लिहितो.

बारा ते अठरा वर्षांचा मुलगा रात्री अचानक कळवळून उठतो, उलटी करतो, "पोटात दुखतंय" म्हणतो. आई ओवा देते, बाप म्हणतो सकाळी बघू. त्या मुलाची चड्डी उतरवून बघा. लाजेपोटी मुलं खरी जागा सांगत नाहीत. वृषण स्वतःभोवती पिळलं गेलं की रक्तपुरवठा तुटतो, आणि सहा तासांच्या आत ते सोडवलं तर बहुधा वाचतं. उशीर झाला की काढून टाकावं लागतं. तेव्हा सकाळची वाट नाही, सोनोग्राफी सेंटर उघडायचीही वाट नाही. जिथे सर्जन आहे अशा दवाखान्यात त्याच घटकेला. खेळताना मार बसला म्हणून दुखतंय असं समजूनही अनेक जण थांबतात.

याच्या उलट, न दुखणारी गाठ. अंघोळीच्या वेळी, कोमट पाण्याने कातडी सैल झालेली असताना, महिन्यातून एकदा दोन्ही वृषणं बोटांत फिरवून बघा. एक दुसऱ्यापेक्षा किंचित मोठं किंवा खाली असणं नेहमीचंच. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं लागतं, तेही नेहमीचं. वृषणातच खड्यासारखं टणक काही लागलं तर दुखत नाही म्हणून सोडू नका, त्याच आठवड्यात दाखवा. वृषणाचा कर्करोग तरुणांचा आहे, पंधरा ते चाळिशीतला, आणि वेळेत सापडला तर बरा होणाऱ्या कर्करोगांत तो अगदी वरच्या रांगेत बसतो. केमोथेरपीआधी वीर्य गोठवून ठेवता येतं. ते डॉक्टरांनी सांगितलं नाही तर आपण विचारायचं. ज्या बाळाची गोटी पिशवीत उतरलेली नाही त्याला हा धोका जास्त असतो. "मोठा झाला की उतरेल" म्हणून आजी थांबवते. सहा महिन्यांपर्यंत थांबा, त्यानंतर सर्जनला दाखवून दीड वर्षाच्या आत ती जागेवर बसवून घ्या.

चाळिशी-पन्नाशीतल्यांसाठी: ताठरता कमी होणं ही बायकोपासून लपवायची गोष्ट वाटते, पण ती हृदयाची आगाऊ सूचना असू शकते. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक, म्हणून आधी त्या तुंबतात. छातीत दुखायच्या काही वर्षं आधी इथे कळतं. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या. मेडिकलमधून परस्पर ताठरतेची निळी गोळी (सिल्डेनाफिल) घेऊ नका. छातीसाठी सॉर्बिट्रेट किंवा तसल्या नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही मिळून रक्तदाब इतका कोसळतो की जीव जातो. आणि गोळीने किंवा तिच्याशिवाय, चार तास उलटूनही ताठरता उतरत नसेल तर थेट इमर्जन्सी गाठायची.

लिंगाच्या पुढच्या कातडीला सारख्या चिरा पडत असतील तर आधी साखर तपासा. मधुमेह इथूनच उघडकीला आलेले कितीतरी रुग्ण आहेत. व्रण, पू, लघवीला जळजळ असेल तर दोघांनी एकत्र उपचार घ्यायचे, नाहीतर एकाचं दुसऱ्याला होत राहतं. वीर्यात एखाद्या वेळी रक्त दिसलं तर तरुणांत ते बहुधा निरुपद्रवी असतं. पुन्हा पुन्हा दिसलं, लघवीतही आलं किंवा वय चाळीसच्या पुढे असलं तर दाखवा. नागपूर-चंद्रपूर-गडचिरोलीकडचे वाचक हत्तीरोगाच्या अंडवृद्धीला वर्षानुवर्षं लंगोट आवळून सांभाळतात. त्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते.

तुम्ही विचारलंत, कुणाकडे जाऊ. यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रमार्गाच्या सर्जनकडे; जवळ अँड्रॉलॉजिस्ट, म्हणजे पुरुषांच्या प्रजननाचा तज्ज्ञ असेल तर त्याहून चांगलं. तुम्ही फौंड्रीत आहात म्हणजे ईएसआयचं कार्ड असेल, तिथून सुरुवात करता येईल. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात सर्जरीची ओपीडी आहेच. जाताना दोन आठवड्यांच्या अंतराने केलेले दोन रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं, लहानपणच्या शस्त्रक्रिया आणि मोठे आजार एका कागदावर लिहून न्या. केस गळतात म्हणून, मन उदास असतं म्हणून घेतलेल्या गोळ्याही लिहा; काहींचा वीर्यावर परिणाम होतो. पहिल्या भेटीत तुम्हाला हात न लावता थेट आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) पॅकेज सांगणारं सेंटर असेल तर उठून या. अशा सेंटरांना २०२१च्या कायद्याप्रमाणे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीचा नंबर विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

दरम्यान संबंध दोन-तीन दिवसांआड असू द्या. "नेमका दिवस" धरून बसलात आणि नेमकी त्या आठवड्यात रात्रपाळी आली तर महिना वाया जातो.

आता आईंचं. त्यांना तुमचा रिपोर्ट सांगायलाच हवा असा कुठलाही नियम नाही. तो कागद तुमचा आणि तुमच्या पत्नीचा. पण पत्नीपासून लपवू नका, लॅबमधून आणायलाही दोघं जा. आईंनी विचारलं तर "दोघांच्या तपासण्या चालू आहेत" एवढं म्हणा आणि "दोघांच्या" हा शब्द गिळू नका. चार वर्षं घरात आणि पै-पाहुण्यांत बोलणी तुमच्या पत्नीने खाल्ली आहेत. तुमचा रिपोर्ट काहीही येवो, निदान एवढं ओझं तुम्ही आजच उतरवू शकता. जोतिबाला जायचं असेल तर जरूर जा, पुढच्या वेळी तुम्हीही बरोबर जा.

रिपोर्ट आल्यावर पुन्हा लिहायचं असेल तर त्यावरचं नाव आणि लॅबचा नंबर खोडून पाठवा, आणि नमुना किती दिवसांच्या अंतराने दिला होता ते न विसरता लिहा. त्याशिवाय आकड्यांचा अर्थ मला लावता येणार नाही.